माहेरी न येणारे

नाक वाळूत खुपसलं, मिनिटभराने ते किणकिणलं, आणि त्याच्या छोट्या पडद्यावर पुन्हा तेच उमटलं. सगळ्या माद्या.

हेमांगी वाळिंबेने ते बाहेर ओढलं, ओढणीच्या टोकाने पुसलं आणि शेजारच्या गारपेटीत खुपसलं. माद्या. तिच्या पलीकडच्या पेटीतही माद्या. शेवटच्या पेटीशी पोचेपर्यंत उत्तर पाठ झालं होतं, तरी तिने पडद्यावर हाताचा आडोसा धरून नीट पाहिलं. निकाल नापासाचा असला तरी माणूस आपलं नाव दोनदा वाचतोच.

या पेट्यांतून नर निघायला हवे होते. त्यासाठीच तर त्या सुरूबावच्या किनाऱ्यावर आल्या होत्या, आणि त्यांच्याच आधाराने हेमांगीची नोकरी या वर्षापुरती तरली होती.

नोकरीचं नाव मोठं भारदस्त होतं. संवर्धन प्रकल्प व्यवस्थापक. बारा वर्षांपूर्वी वाईहून इथे येताना तिला वाटलं होतं, आपण कासवं वाचवणार. प्रत्यक्षात तिचा जन्म गेला तो पर्यटकांच्या संडासांत, जनरेटरच्या डिझेलमध्ये, राखणदारांच्या रजांत आणि फलकावर कुठल्या वाडीचं नाव आधी यावं या वादात. कासव वर्षातून तीन-चार महिने दिसायचं. बैठका मात्र बारमाही.

कासवाच्या अंड्याची एक गंमत आहे. गंमत म्हणायचं, कारण दुसरा शब्द पटकन सापडत नाही. आत मुलगा की मुलगी हे आधी ठरलेलं नसतं. ते वाळू ठरवते. अंडी उबण्याचा जो मधला तिसरा हिस्सा, त्या काळात वाळू अठ्ठावीस अंशांच्या आसपास राहिली तर बहुतेक नर निपजतात, एकतीसच्या वर गेली तर बहुतेक माद्या. त्याहून फार तापली तर काहीच निपजत नाही, अंडी उकडून निघतात. लाखो वर्षं हे बरं चाललं, कारण वाळू कधी तापायची, कधी निवायची. गेल्या काही वर्षांत मात्र कोकणातली वाळू निवायचंच विसरली. पिल्लू नुसतं पाहून नर की मादी हे ओळखता येत नाही, त्यामुळे घोळ कुठवर गेला आहे याचा बराच काळ कुणाला पत्ता नव्हता.

मग हे नाक आलं. अंड्यातला जीव कवचातून अगदी सूक्ष्म वायू बाहेर सोडतो. नराचा वास वेगळा, मादीचा वेगळा. माणसाला तो कळत नाही, यंत्राला कळतो. पहिल्याच हंगामात किनाऱ्याकिनाऱ्यावर नाकं खुपसली गेली आणि शास्त्रज्ञांच्या तोंडचं पाणी पळालं. नवे नर जवळपास नव्हतेच. समुद्रात उरलेल्या म्हाताऱ्या नरांच्या जिवावर सगळा संसार चालला होता. ते संपले की अंडी येणार, पण रिकामी.

नाक नुसतं निदान करतं, औषध देत नाही. शिवाय मधला हिस्सा उलटून गेल्यावरच ते बोलतं, तोवर व्हायचं ते होऊन गेलेलं असतं. औषध म्हणून आल्या त्या गारपेट्या: आत वाळूने भरलेली टोपली, टोपलीत अंडी, आणि सौर बॅटरीवर चालणारा गारवा. गावाने त्यांचं बारसं फ्रीज असं करून टाकलं होतं.

पेट्यांची नोंद हेमांगीने दोनदा तपासली. सगळीकडे अठ्ठावीस अंश, सरळ रेघ. पेट्या गार होत्या आणि आत माद्या होत्या. हे कसं घडलं, तिला कळेना.

ते दुपारी कळलं. जेवणानंतर रोज तिची प्रकल्पाला पैसा पुरवणाऱ्या प्रतिष्ठानबरोबर ऑनलाइन बैठक असायची, त्यामुळे त्या वेळी ती कधीच किनाऱ्यावर नसे. त्या दिवशी नेटवर्क गेलं आणि ती पुन्हा एकदा नाक घेऊन सुरूच्या बनातल्या शेडकडे आली. शेडबाहेर भर उन्हात नऊच्या नऊ टोपल्या ओळीने मांडल्या होत्या, वर गोणपाट घातलेलं. आत रिकाम्या पेट्या इमानेइतबारे गार होत होत्या. आणि टोपल्यांच्या शेजारी, छत्री खांद्याला टेकवून, सुलूकाकी कुळीथ निवडत बसली होती.

सुलूकाकी म्हणजे सुलोचना मोंडकर. राखणदार बायकांच्या गटाची प्रमुख. वय सत्तरीला टेकलेलं, आवाज खाडीपलीकडे जाणारा. हेमांगी गावात नवी असताना तापाने फणफणली, तेव्हा पेजेचा टोप घेऊन पहिली तीच आली होती. तेव्हापासून गावात हेमांगीचं हक्काचं माणूस एकच, सुलूकाकी.

"काकी, हे काय चाललंय?"

"शेक देतंव," सुलूकाकी म्हणाली. इतके दिवस लपवलं होतं खरं, पण तोंडावर विचारल्यावर खोटं बोलणं तिच्या स्वभावात नव्हतं.

"रोज?"

"रोज. तुझी मिटिंग सुरू झाली काय भायर, संपाच्या आधी आत. अंडा एक हलला नाय हां. तू शिकवलंस तसाच उचलतंव."

हेमांगी तिथेच वाळूत बसली. "यांतून नर यायला हवे होते, काकी."

"म्हायत आसा. म्हणानच तर." सुलूकाकीने सूप बाजूला ठेवलं. "झील काढून काय करूचे गो? नर एकदा दर्यात गेलो काय गेलो, परत जमनीक पाय लावना नाय, असा तूच सांगितलंस. मादी तरी अंडी घालूक फिरान येता. आपल्या माहेराक येता. माका दोन झील. एक मस्कताक, एक मुंबयक. चतुर्थीक फोन करतत, 'आये, मोदक खाल्लंस?' चेडू मात्र गौरीक येता. पाय मोडलो तरी येतली. मग सांग, मी चेडवां काढू काय झील?"

हे माहेर हेमांगीनेच वसवलेलं होतं. पहिल्या वर्षी अंडी सर्रास बाजारात जायची. तिने फलक लावले, कायदा सांगितला, पोलिसांची भीती घातली. सगळं पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी वैतागून एका हळदीकुंकवाला ती बायकांना म्हणाली होती, ही मादी इथेच जन्मली, इथेच बाळंतपणाला येते. माहेरवाशिणीची अंडी विकणारं गाव मी पहिल्यांदाच पाहतेय. झालं. अंड्यांची चोरी त्या हंगामात थांबली. पुढच्या वर्षी बायका ओटी घेऊन आल्या, तांदूळ आणि नारळ. मग प्रत्येक घरट्याला ज्या घराने ते शोधलं त्या घरच्या लेकीचं नाव. मग फोटो, पर्यटक, प्रतिष्ठानचं कॅलेंडर. तिच्या सगळ्या उद्योगांत हीच एक मोहीम पुरती यशस्वी झाली होती, आणि आता तिनेच घात केला होता. आपलेच दात, आपलेच ओठ.

"मी सभेत सांगितलं होतं," ती म्हणाली. "नर नसतील तर पुढे अंडी रिकामी येतील."

"सांगितलंस. पडद्यार रंगीत पट्टे दाखवलंस. आमी माना हलवलंव." सुलूकाकीने जरा विचार केला. "चाय बरी होती."

हेमांगीला संतापायला हवं होतं. पण संतापायलाही अंगात काही लागतं. ती उठली, दोघींनी मिळून टोपल्या एकेक करून आत नेल्या, आणि एकही अंडं हललं नाही.

प्रतिष्ठानचे निखिलेश कारखानीस बंगळुरात बसत. समुद्र त्यांनी पाहिला होता, उद्घाटनाच्या दिवशी. उंटावरून शेळ्या हाकाव्यात तर त्यांनीच. पण माणूस वाईट नव्हता. फोनवर त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं.

"मॅडम, हे असं वर सांगितलं तर प्रकल्प संपला. गाव विरोधात आहे असं धरतील. त्यापेक्षा आपण म्हणू, नाकात बिघाड आहे. पेट्या चालल्या, नोंद चोख आहे. पुढच्या वर्षाची मंजुरी मी आणतो."

सोपं होतं. नाकाला तोंड नाही, ते काही भांडायला येणार नव्हतं. एक वर्ष मिळालं असतं. आणि मग नाक बनवणाऱ्या कंपनीने नसलेला बिघाड दुरुस्त केला असता, आणि ओडिशापासून गुजरातपर्यंत चांगली चाललेली नाकं चुकीचं हुंगायला लागली असती. हेमांगीला हे सगळं लख्ख दिसलं. त्याबरोबर आणखी एक गोष्ट दिसली, की आपण खोटं बोलायलाही फार दमलो आहोत. एकदा बोललं की ते वर्षभर सांभाळावं लागतं.

"नाक बरोबर आहे," ती म्हणाली. "आम्ही चुकलो."

"मग एकतीस मार्च," कारखानीस म्हणाले. "सॉरी, मॅडम."

एकतीस मार्चला पेट्या आणि नाक दुसऱ्या किनाऱ्यावर जाणार होते, आणि हेमांगीची नोकरी कुठेच जाणार नव्हती. संध्याकाळी मेलबर्नहून लेकीचा फोन आला तेव्हा तिने ते सांगितलं. रेवाने वाईट वाटल्याचं दाखवायचा प्रयत्न केला, पण आवाजातला आनंद काही तिला लपवता आला नाही. तिकीट एप्रिलचं काढू, ती म्हणाली. हेमांगी हो म्हणाली. सहा वर्षांत ती लेकीकडे एकदाही गेली नव्हती. दर वर्षी हंगाम आडवा यायचा.

त्याच आठवड्यात नार्वेकरांच्या घरट्याचे दिवस भरले आणि उलटूनही गेले. ते साध्या वाळूतलं घरटं, पेटीतलं नव्हे. नार्वेकरांच्या प्राजक्ताचं नाव त्याला होतं. पिल्लं वर आली नाहीत, तेव्हा रिवाजाप्रमाणे ते उकरायचं ठरलं. हेमांगी आणि सुलूकाकी गुडघ्यांवर बसल्या. टोपल्यांच्या प्रकारापासून दोघींत कामापुरतंच बोलणं होत होतं.

अंडी पांढरी, गोल, धडधाकट होती. हेमांगीने एक फोडलं. आत पिवळा बलक आणि पाणी. दुसऱ्यात तेच. सुलूकाकीने तिसरं फोडलं, चौथं फोडलं, मग एकामागून एक फोडतच गेली.

"उन्हान खराब झाली?" तिने विचारलं.

"नाही. खराब झालेल्यात काहीतरी दिसतं. डोळा, पाय, काहीतरी. यांत कधी काही नव्हतंच. तिला नर भेटला नाही, काकी."

सुलूकाकीचे हात थांबले. बोटांना बलक लागला होता. ती समुद्राकडे बघत राहिली आणि तिचा तो खाडीपलीकडे जाणारा आवाज पार खाली आला.

"येवढ्या दर्यातसून वाट काढीत इली गो. माहेराक म्हणान इली. आणि रिकामी इली."

हेमांगीने ओढणीच्या टोकाने बोटांचा बलक पुसला.

"ह्या माका आधी कित्याक नाय दाखवलंस?"

"दाखवलं होतं, काकी."

"पट्टे दाखवलंस. ह्या नाय दाखवलंस." सुलूकाकीने अंडी पुन्हा खड्ड्यात ठेवली, वर वाळू ओढली आणि तळहाताने हळूहळू थोपटून सारखी केली. बाळ निजवताना थोपटतात तशी. ते बघणं हेमांगीला जड गेलं.

टोपल्यांतली पिल्लं समुद्रात सोडून झाल्यावर, एकतीस तारखेला टेम्पो येऊन पेट्या आणि नाक घेऊन गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी हेमांगी खोलीत पुस्तकं बांधत होती, तेव्हा दारात सुलूकाकी उभी राहिली. हातात बादली, बादलीत ओली वाळू, वाळूत अंडी. हंगामातलं शेवटचं घरटं पहाटे तिलाच सापडलं होतं.

"ह्यांका झील कर," ती म्हणाली.

"कसे करू? फ्रीज गेले ना."

"फ्रीज नव्हते तेवा गावात काय गार ठेवी नव्हते? तू फक्त किती गार होया ता सांग."

हेमांगीने बांधलेल्या पुस्तकांकडे पाहिलं, भिंतीवरच्या तिकिटाच्या तारखेकडे पाहिलं. नकार अगदी ओठांवर होता. तिचा आता या गावाशी, या वाळूशी, या अंड्यांशी कागदोपत्री काहीही संबंध उरला नव्हता, आणि या मोकळेपणाची तिने किती वर्षं वाट पाहिली होती. मग तिने उसासा टाकून ट्रंकेतून स्वतःचा थर्मामीटर काढला. वनखात्याच्या रेंजरला फोन केला. तो म्हणाला, मॅडम, बारा वर्षं परवानगी तुमच्याच नावाने देतोय, आणखी एक घरटं म्हणजे काही आभाळ कोसळत नाही.

मोंडकरांच्या विहिरीपाशी, पोफळींच्या दाट सावलीत, मासळीचा मोठा थर्माकोलचा खोका अर्धा जमिनीत पुरला. खाली भोकं पाडली, वाळू भरली, अंडी ठेवली, भोवती ओली गोणपाटं. विहिरीचं पाणी मारायचं, पण वाळू चिंब होऊ द्यायची नाही, नाहीतर अंडी गुदमरतात. सत्तावीसच्या खाली जायचं नाही, एकोणतीसच्या वर जाऊ द्यायचं नाही. गारपेटी हे सगळं एका चिपेवर करत होती. आता त्याला सहा बायका लागत होत्या, आणि सहांची सात मतं पडत होती.

मधला हिस्सा सुरू झाला आणि ऊन पेटलं. बारा वर्षांत हेमांगीने असा एप्रिल पाहिला नव्हता. वीज दिवसदिवस गायब. पंप बंद, म्हणून पाणी रहाटाने ओढायचं. हाताला फोड आले. एका बाईची सासू ओरडू लागली की घरच्या म्हशीला पाणी नाही आणि कासवांचे लाड चाललेत. एका दुपारी पारा साडेतीसवर चढला. हेमांगी भराभर गोणपाटं बदलत होती, आणि सुलूकाकी खोक्याशी बसून दोन्ही हातांनी सूप हलवून वारा घालत होती. पारा पुन्हा उतरेपर्यंत तिने हात थांबवला नाही.

"आई, तू सुटलीस ना त्या प्रकल्पातून?" रेवाने फोनवर विचारलं. हेमांगीने तिकीट दुसऱ्यांदा पुढे ढकललं होतं.

"सुटले गं. हे शेवटचं."

"तुझ्या कासवांना निदान परत यायची अक्कल असते. तू कधी येणार?"

हेमांगी विहिरीच्या काठावर बसून राहिली. माहेरी येणाऱ्या लेकींची गोष्ट तिने गावाला सांगितली होती, आणि तिची स्वतःची लेक वाट पाहून पाहून आता आईलाच टोचून बोलत होती. डोळे भरून आले. तिने तोंडावर पाणी मारलं आणि उरलेलं गोणपाटावर शिंपडलं.

"मेच्या शेवटी," ती म्हणाली. "या वेळी नक्की. शपथ."

मे संपत आला तेव्हा खोक्यातली वाळू मधोमध खचली. दिवस कलता कलता पिल्लांची टोपली किनाऱ्यावर आली. पर्यटक नव्हते, फलक नव्हता, फोटो काढायला प्रतिष्ठानचं कुणी नव्हतं. पाळ्या केलेल्या सहा बायका, म्हशीवाली सासू, आणि हेमांगी. दुसऱ्या दिवशी सकाळी तिची गाडी होती.

नार्वेकरांच्या सुनेने सवयीने ओटीचं ताट आणलं होतं. तिने ते पुढे केलं आणि मग थबकली.

"झिलांची ओटी भरतत काय?"

कुणालाच माहीत नव्हतं. असा प्रसंग गावावर कधी आला नव्हता. ताट वाळूवर तसंच राहिलं.

"नर आहेत ना नक्की?" म्हशीवाल्या सासूने विचारलं. तिनेही शेवटच्या आठवड्यात चार घागरी ओढल्या होत्या, त्यामुळे तिचा आता त्यात वाटा होता.

"बहुतेक," हेमांगी म्हणाली. "ती एक दुपार सोडली तर मधले सगळे दिवस थर्मामीटर जवळजवळ अठ्ठावीसलाच होता, तेव्हा बहुतेक नरच. पण नाक नाही, त्यामुळे खात्रीने नाही सांगता येत."

"नाक कित्याक होया?" सुलूकाकी म्हणाली. "येवढो तरास दिल्यानी. झीलच ते."

सगळ्या हसल्या. हेमांगीही हसली, आणि हसता हसता तिला कळलं की आपण कित्येक महिन्यांत हसलो नव्हतो.

टोपली आडवी केली. पिल्लं वाळूवर सांडली, क्षणभर गोंधळली, आणि मग लखलखत्या पाण्याकडे वळली. नव्वदेक काळे ठिपके, प्रत्येकाची घाई वेगळी. पहिल्या लाटेने दहा-बारा उचलले. दुसरीने आणखी. त्यांतले हजारात एखादेच मोठे होतात. म्हणजे या टोपलीतून एक जरी जगला तर नशीब. तो जगला तर बारा-पंधरा वर्षांनी कुठेतरी खोल पाण्यात, कुणाला न दिसता, आपलं काम करील. त्या वेळी सुलूकाकी असेल की नाही, सांगता येत नाही. हेमांगी तर इथे नसेलच.

शेवटची पाच-सहा उरली तेव्हा सुलूकाकी पाण्यात शिरली. लुगडं भिजलं तरी तिला शुद्ध नव्हती.

"गप जातत बघ कसे!" ती ओरडली. आवाज पुन्हा खाडीपलीकडे जाणारा झाला होता, फक्त मधेच फाटला. "मेल्यांनो, घरातसून भायर पडताना असा जावचा नसता. येतंव म्हणा! आयेक येतंव म्हणान सांगा नि मग जावा!"

पिल्लं काही म्हणाली नाहीत. लाट आली, गेली, आणि वाळूवर नुसत्या रेघा राहिल्या. सुलूकाकी गुडघाभर पाण्यात तशीच उभी राहिली, कुणीतरी उत्तर देईल म्हणून.

हेमांगीला पक्कं ठाऊक होतं. यांतला एकही या वाळूला पुन्हा पाय लावणार नव्हता. हे गावाला बारा वर्षं सांगत आली होती ती स्वतःच. ती चपला काढून पाण्यात उतरली, सुलूकाकीच्या शेजारी जाऊन उभी राहिली, आणि त्या सगळ्यांच्या वतीने मोठ्याने म्हणाली,

"येतो, काकी."